दोघांनीच शिडाच्या बोटीतून दक्षिण हिंद महासागर ओलांडताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवरा-बायको किंवा जोडीदार मिळून हा महासागर ओलांडायचा बेत करणारे आम्हाला जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. सगळे आकडे १० ते १३ मीटर लांबीच्या मोनोहल (एकाच सांगाड्याच्या) बोटीसाठी आहेत. कॅटामरानचे (दोन सांगाड्यांच्या बोटीचे) गणित वेगळे. वाऱ्याचा वेग नॉटमध्ये (१ नॉट म्हणजे ताशी १ सागरी मैल) आणि अंतर सागरी मैलांत (१ सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर) दिले आहे.

१. नेमका मार्ग कोणता? मध्ये थांबायला काही आहे का?

मार्ग पूर्वेकडून पश्चिमेकडे, आग्नेय व्यापारी वाऱ्यांच्या पट्ट्यातून जातो. ऑस्ट्रेलियातून किंवा इंडोनेशियातून आधी कोकोस (कीलिंग) बेटे गाठायची. तिथून रॉड्रिग्ज (मॉरिशसचेच एक बेट) सुमारे २,००० मैल, रॉड्रिग्ज ते मॉरिशस ३५०, मॉरिशस ते रीयुनियन साधारण १३०. पुढे मादागास्करच्या दक्षिणेला वळसा घालून दक्षिण आफ्रिकेतले रिचर्ड्स बे सुमारे १,४०० मैल.

दिवसाला १४० मैल धरले तर कोकोस ते रॉड्रिग्ज १४-१५ दिवस लागतात. या टप्प्यात वाटेत एकही बंदर नाही. शिवाय चार-पाच दिवस पुढे गेल्यावर मागे फिरणे म्हणजे २५ नॉट वाऱ्याच्या आणि तीन मीटर लाटांच्या तोंडावर जाणे. दोन माणसांना ते जमत नाही. म्हणून शंका असेल तर ती कोकोसच्या नांगरावरच मिटवून घ्या.

२. केव्हा निघावे?

कोकोसहून ऑगस्ट ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर मॉरिशस-रीयुनियन, आणि नोव्हेंबरात दक्षिण आफ्रिका. नैर्ऋत्य हिंद महासागरातला चक्रीवादळांचा मोसम नोव्हेंबरच्या मध्याला सुरू होतो आणि एप्रिलअखेरपर्यंत चालतो. जून-जुलैत निघता येते, पण तेव्हा व्यापारी वारे सर्वांत जोरात असतात. मॉरिशसला रमून डिसेंबर उजाडू देणे ही नेहमीची चूक. शेवटचा आणि सर्वांत अवघड टप्पा मग घाईत करावा लागतो.

३. इथला समुद्र खवळलेला असतो म्हणतात. म्हणजे नेमका किती?

वारा रोजचाच २० ते २५ नॉट. दक्षिणेकडून मोठा उच्चदाब सरकत गेला की तीन-चार दिवस सलग ३० नॉट, आणि पावसाच्या सरीत ४० चे झोत. यात वादळ असे काही नसते. बोटीला त्रास होतो तो लाटांच्या दिशांमुळे. आग्नेय वाऱ्याने उठवलेल्या लाटा ७ ते ९ सेकंदांच्या अंतराने बोटीच्या मागून, थोड्या डावीकडून येतात. त्याच वेळी दक्षिण महासागरातल्या दूरच्या वादळांचा उमाळा (लांबून येणाऱ्या रुंद लाटा) १२ ते १६ सेकंदांच्या अंतराने नैर्ऋत्येकडून येत असतो. दोन्ही जिथे एकमेकांवर चढतात तिथे पाण्याचा उभा सुळका तयार होतो. तो बोटीच्या कुशीवर आदळतो आणि बोट ३०-४० अंश कलंडते. दिवसातून असे कितीतरी वेळा होते.

अंदाजात लाटांची उंची ४ मीटर दिसली तर ती सर्वांत मोठ्या एक-तृतीयांश लाटांची सरासरी असते. काही तासांत त्याच्या जवळजवळ दुप्पट, म्हणजे सात-साडेसात मीटरची एखादी लाट येणारच असे धरून चाला. आणि नुसती उंची बोट उलटवत नाही, फुटणारा माथा उलटवतो. टाकीतल्या चाचण्यांत, बोटीच्या लांबीच्या ३० टक्के उंचीची फुटणारी लाट आडवी बसली तर काही बोटी उलटल्या, ६० टक्क्यांना जवळजवळ सगळ्याच. १२ मीटरच्या बोटीला हा ३० टक्के आकडा ३.६ मीटर येतो.

४. दोनच माणसे खरंच पुरतात का?

पुरतात, पण एक गोष्ट आधी मान्य करा: दोघांची बोट चोवीस तासांतला बहुतेक वेळ एकाच माणसाची असते, कारण दुसरे झोपलेले असते. म्हणून बोटीवरचे प्रत्येक काम एकट्याला, अंधारात, दुसऱ्याला न उठवता करता आले पाहिजे. रीफ घेणे (शीड थोडे उतरवून लहान करणे), जिब (पुढचे शीड) गुंडाळणे, बोट थांबवणे, रेडिओ आणि ईपर्ब (संकटात उपग्रहाला संदेश देणारे यंत्र) वापरणे, इंजिन सुरू करणे, फिल्टर बदलणे, सगळेच. ‘ते काम हे बघतात’ अशी एकही गोष्ट उरता कामा नये. निघण्यापूर्वी किमान दोन रात्रींची किनाऱ्यालगतची सफर अशी करा, की प्रत्येकाने एक पूर्ण रात्र एकट्याने बोट हाताळली, दुसऱ्याने फक्त पाहिले.

भारतीय नौदलाच्या लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि रूपा ए. यांनी आयएनएसव्ही तारिणीवरून २ ऑक्टोबर २०२४ रोजी गोव्याहून निघून २९ मे २०२५ रोजी पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली, तीही दोघींनीच. तारिणी ही नौदलाच्या आधीच्या म्हादेई या बोटीसारखीच १७ मीटरची, गोव्यात बांधलेली बोट. पण त्या दोघींमागे काही वर्षांचे प्रशिक्षण आणि किनाऱ्यावरचा पूर्ण ताफा होता. तारिणीकडे पाहून उमेद जरूर घ्या; आपल्या तयारीचे माप मात्र तिच्यावरून काढू नका.

५. बोट कशी असावी?

युरोपीय वर्गीकरणातली ‘अ’ श्रेणी ही सुरुवात समजा, शेवट नव्हे. ही श्रेणी ब्युफोर्ट या वाऱ्याच्या मापावर ८ पेक्षा जास्त वारा आणि ४ मीटरपेक्षा जास्त लाटांसाठी असते. त्याशिवाय हे पाहा: कलंडल्यावर पुन्हा उभी राहण्याची मर्यादा १२० अंशांच्या वर, मुख्य शिडाला तीन रीफ, पुढे दुसऱ्या तारेवर लहान स्टेसेल (जिबमागचे छोटे शीड) किंवा वादळी जिब, पाण्याने भरलेला कॉकपिट (सुकाणूजवळची बसायची उघडी जागा) तीन-चार मिनिटांत रिकामा करणारी भोके, आणि केबिनच्या दाराच्या फळ्या आतून-बाहेरून अडकवता येणाऱ्या. बॅटऱ्या, गॅसची शेगडी आणि तळाच्या फळ्या अशा बांधा की बोट उलटी झाली तरी जागच्या हलणार नाहीत. बोट आडवी झाल्यावर माणसे जखमी होतात ती बहुधा आतल्याच वस्तू अंगावर येऊन.

डोलकाठीच्या स्टीलच्या तारा १०-१२ वर्षांच्या झाल्या असतील तर निघण्याआधी बदला. तार तुटते ती खालच्या टोकाच्या दाबलेल्या सांध्यात, आणि आधी एकच धागा सुटलेला दिसतो. रोज सकाळी त्या सांध्यांवर कापड फिरवा. धागा सुटला असेल तर कापड अडकते.

६. झोपेची पाळी कशी लावायची?

रात्री तीन-तीन तासांच्या चार पाळ्या: ६ ते ९, ९ ते १२, १२ ते ३, ३ ते ६. म्हणजे प्रत्येकाला दोन तुकड्यांत सहा तास मिळतात. दिवसा पाळी सैल ठेवा, पण दुपारी प्रत्येकाची दोन तासांची झोप सक्तीची. काहींना चार तासांची पाळी जास्त मानवते. दोन तासांची मात्र नको: ओले कपडे काढून आडवे होईपर्यंत अर्धा तास जातो आणि गाढ झोप लागण्याआधीच उठावे लागते.

झोपायचे ते बोटीच्या मध्यभागी, बोट कललेल्या खालच्या बाजूच्या बंकेवर (झोपायच्या फळीवर), कडेला घट्ट कापडी अडसर बांधून. पुढच्या केबिनमध्ये समुद्र चालू असताना झोप लागत नाही.

या सगळ्या पानातले एकच उत्तर लक्षात ठेवायचे तर हे ठेवा. दोघांच्या सफरीत बोटीआधी माणसे थकतात आणि थकलेले माणूस वाईट निर्णय घेते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी चिडचिड, साध्या बेरजेत चूक, ‘नंतर करू’ असे वाटणे, ही लक्षणे दिसली की वेग अर्धा करा किंवा बोट थांबवून (प्रश्न १३) दोघेही आळीपाळीने पोटभर झोपा. अर्धा दिवस गेल्याने काही बिघडत नाही.

७. आमच्यात कप्तान कोण, यावरून वाद होतो. काय करावे?

कागदोपत्री एकच नाव लागते, ते ठेवा. पण समुद्रावर नियम असा करा की दोघांत जो अधिक सावध, त्याचे चालते. एकाला रीफ घ्यावासा वाटला तर चर्चा न करता घ्यायचा. आणखी एक नियम: काम एकट्याला येत असले तरी पाळीवरचे माणूस दुसऱ्याला उठवल्याशिवाय कॉकपिटबाहेर पाऊल टाकणार नाही. उठवल्याबद्दल कुरकुर करायची नाही, हे निघण्याआधीच बोलून घ्या. संकोचामुळे न उठवलेल्या रात्री अपघात झाले आहेत.

८. रीफ कधी घ्यायचा? मागून वारा असताना कळतच नाही.

तेच तर अवघड आहे. खरा वारा २८ नॉट आणि बोट ७ नॉटने त्याच दिशेने जात असेल तर अंगावर २१ नॉटच जाणवतात आणि सगळे छान चालले आहे असे वाटते. कशासाठी तरी बोट वाऱ्याकडे वळवली की तेच ३१-३२ होतात. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो, म्हणजे शिडावरचा भार एकदम दुपटीहून जास्त. म्हणून मागच्या वाऱ्यात खऱ्या वाऱ्याचा आकडा बघूनच ठरवा. साधारण १८ नॉटला पहिला रीफ, २३-२४ ला दुसरा, ३० ला तिसरा. सुकाणू जड होऊ लागले किंवा आपोआप सुकाणू सतत धडपडू लागले, तर आकडा न पाहता घ्या.

सूर्यास्ताआधी एक रीफ जास्तीचा घेऊन ठेवायची पद्धत दोघांच्या बोटीवर पाळलीच पाहिजे. अर्धा नॉट वेग जातो, पण रात्री दोनला उठवावे लागत नाही. अनेक जोडपी या मार्गावर मुख्य शीड पूर्ण उतरवून फक्त पुढच्या शिडावर, काठीने बाहेर ताणून, दिवसच्या दिवस जातात. २५ नॉटच्या वर हा चांगला पर्याय आहे, कारण जिब कॉकपिटमध्ये बसूनच गुंडाळता येते.

९. बूम (मुख्य शिडाच्या तळाची आडवी काठी) अचानक पलीकडे आदळू नये म्हणून काय?

प्रिव्हेंटर बांधा: बूमच्या अगदी टोकाहून दोर, तो नाळेवरच्या (बोटीच्या पुढच्या टोकाच्या) कप्पीतून परत कॉकपिटमध्ये. बूमच्या मध्यावर बांधला तर बूम तिथेच मोडते. दोर १२ मिमी, थोडा ताणणारा नायलॉनचा घ्या. दोन्ही बाजूंचे दोर आधीच लावून ठेवले तर जाइब करताना (मागचा वारा शिडाच्या दुसऱ्या बाजूला घेताना) पुढे जावे लागत नाही. आणि प्रिव्हेंटर लावलेला असताना बोट एकदम वाऱ्याकडे वळत नाही, हे प्रश्न १७ वाचताना ध्यानात असू द्या.

१०. वाऱ्यावरचे सुकाणू घ्यावे की विजेचे?

दोन्ही. मागच्या बाजूला बसणारे हायड्रोव्हेन, विंडपायलट, मॉनिटर किंवा एरीज यांसारखे यंत्र वीज खात नाही आणि वारा वाढेल तसे जोर धरते. खराब हवेत हेच कामाला येते. मंद वाऱ्यात, विशेषतः तो थेट मागून असेल तर, ते भरकटते. तिथे विजेचे बरे. विजेचे यंत्र १२ व्होल्टवर सरासरी ३ ते ६ अँपिअर खाते, म्हणजे दिवसाला ७० ते १४० अँपिअर-तास. लाटा तिरक्या असल्या की आकडा वरचा. सौर पॅनेलचे गणित याच आकड्यावर करा.

दोघांच्या बोटीवर दोन्ही यंत्रे बंद पडली तर हाताने सुकाणू धरायला दिवसाला १२-१२ तास वाट्याला येतात. मग जेवण, झोप, दुरुस्ती सगळेच कोलमडते. सुटे भाग भरपूर ठेवा: व्हेनचे (वाऱ्यावरच्या यंत्राचे) दोर, पिना, पाण्यातले पाते, विजेच्या यंत्राचा पूर्ण दुसरा रॅम (सुकाणू ढकलणारा दांडा) आणि दिशादर्शक संवेदक.

११. पहिले तीन दिवस समुद्र लागतो. त्यावर उपाय?

बहुतेकांना ४८ ते ७२ तासांत उतार पडतो. गोळी मळमळ सुरू झाल्यावर नव्हे, निघण्याच्या आदल्या रात्रीपासून. भारतात सिनारिझिन आणि प्रोमेथाझिन सहज मिळतात. दोन्हींनी गुंगी येऊ शकते, म्हणून कोणती आणि किती हे डॉक्टरांना विचारून आधी किनाऱ्यावर घेऊन पाहा. दोघांनी एकाच वेळी गुंगी आणणारी गोळी घेऊ नये. उलट्या होत असतील तर एक लिटर पाण्यात ओआरएसचे एक पाकीट, घोटाघोटाने. कोकोसहून निघताना पहिल्या तीन दिवसांचे जेवण शिजवून ठेवा आणि त्या दिवसांत खाली बसून दुरुस्तीची कामे काढू नका.

१२. स्वयंपाक आणि पाणी किती, कसे?

पिणे आणि स्वयंपाक मिळून माणशी ३ लिटर. दोघांचे १५ दिवसांचे ९० लिटर, त्यावर तेवढाच राखीव साठा: १८० लिटर. वॉटरमेकर (खारे पाणी गोडे करणारे यंत्र) असला तरी हे पाणी भरूनच घ्या. निम्मे तरी मुख्य टाकीबाहेर २०-२० लिटरच्या कॅनमध्ये असू द्या, आणि ते गळ्यापर्यंत न भरता थोडी हवा ठेवा. बोट सोडावी लागली तर ते तरंगतात.

भांड्यांत प्रेशर कुकरला तोड नाही. झाकण अडकलेले असते, त्यामुळे उलटला तरी उकळते अन्न अंगावर येत नाही. शिटी करायची नसली तरी झाकण लावूनच शिजवा. एक वाटी तांदूळ, अर्धी वाटी मूगडाळ, साडेचार वाट्या पाणी. कुकर निम्म्याच्या वर भरायचा नाही. मेतकूट, भाजणी, उपम्याचे भाजून ठेवलेले मिश्रण, डिंकाचे किंवा शेंगदाण्याचे लाडू हे एका हाताने खाता येणारे किंवा दहा मिनिटांत होणारे प्रकार खवळलेल्या समुद्रात फार उपयोगी पडतात. शेगडीसमोर उभे राहताना रबरी पँट आणि बूट घालाच, उकाडा कितीही असो. भाजणे हा या मार्गावरचा नेहमीचा अपघात आहे. आणि बंदरांत बी-बियाणे, मध, ताज्या भाज्या जप्त होऊ शकतात. कडधान्ये बंद पाकिटांत ठेवा.

१३. बोट मधेच थांबवायची कशी?

याला हीव्ह-टू म्हणतात. पायऱ्या:

१. मुख्य शिडाला तिसरा रीफ, पुढे फक्त स्टेसेल किंवा अगदी थोडी उघडी जिब.
२. वाऱ्याच्या शक्य तितक्या जवळ जा, लाटांमधला सपाट तुकडा शोधा.
३. हळूच टॅक करा (बोटीचे टोक वाऱ्यातून पलीकडे वळवा), पण पुढच्या शिडाचा दोर सोडू नका. शीड उलट्या बाजूने फुगेल.
४. बोटीचा वेग मरू द्या. मग चाक पूर्ण वाऱ्याच्या बाजूला वळवून बांधा. टिलर (चाकाऐवजी सुकाणूचा दांडा) असेल तर वाऱ्याच्या उलट बाजूला.
५. मुख्य शिडाचा दोर सैल-घट्ट करून बोट वाऱ्याशी ५० अंशांच्या आसपास स्थिरावते का पाहा.

जमले की बोट एक-दोन नॉटने आडवी सरकते आणि आतला गोंगाट एकदम थांबतो. उथळ, अरुंद कील (बोटीखालचे वजनदार पाते) असलेल्या आधुनिक बोटी अशा नीट बसत नाहीत, पुढचे टोक वाऱ्याखाली पडते; त्यांनी पुढचे शीड पूर्ण गुंडाळून फक्त रीफ घेतलेल्या मुख्य शिडावर प्रयत्न करावा. प्रत्येक बोटीची तऱ्हा वेगळी, म्हणून १५ नॉटमध्ये सराव करून आपल्या बोटीचे चाक आणि दोर कुठे ठेवायचे याच्या खुणा करून ठेवा. उलटे फुगलेले शीड बाजूच्या तारेवर घासत असेल तर काही तासांत फाटते, तेही पाहा.

१४. मग ड्रोग (बोटीमागे पाण्यात सोडायचा ब्रेक) कशासाठी? तो कधी टाकायचा?

लाटा फुटू लागल्या आणि बोट त्यांच्या उतारावरून १०-१२ नॉटने घसरून आडवी होऊ लागली, की हीव्ह-टूची वेळ निघून गेलेली असते. अमेरिकी विमान-अभियंता डोनाल्ड जॉर्डन यांनी आखलेला सिरीज ड्रोग म्हणजे लांब दोरावर ओवलेले शंभरेक छोटे कापडी शंकू, टोकाला ७ ते १० किलोचे वजन. ९ टनांच्या बोटीला साधारण ११६ शंकू लागतात. एक मोठा ड्रोग लाटेबाहेर उडू शकतो. इथे काही शंकू नेहमी पाण्यात असतात.

तो बोटीच्या मागून टाकतात, त्यामुळे मागच्या दोन्ही कोपऱ्यांवरचे पोलादी पट्टे बोटीच्या वजनाच्या ७० टक्के भार प्रत्येकी पेलतील असे असावे लागतात. साधे क्लीट (दोर बांधायचे खुंटे) उपटून येतात. दोर पिशवीत घड्या घालून, ब्रायडल (दोन्ही कोपऱ्यांना जोडणारे दोर) कायम जोडलेले ठेवले तर एक माणूस दोन मिनिटांत टाकू शकतो. दोर धावत असताना हात-पाय मध्ये नको. टाकल्यावर दोघेही आत, दार बंद. मागून लाट कॉकपिटवर चढणारच. दार कच्चे किंवा मागचा भाग उघडा असलेल्या बोटीने म्हणूनच आधी दार मजबूत करावे. परत ओढायला दोघांना दोन-तीन तास लागतात. वारा २० पर्यंत उतरल्याशिवाय सुरुवात करू नका.

१५. हवामानाची माहिती वाटेत कशी मिळवायची?

उपग्रहावरून ग्रिब (वारा-लाटांच्या अंदाजाची) फाइल दिवसातून दोनदा, युरोपीय आणि अमेरिकी अशी दोन्ही प्रारूपे. दोन्ही जुळत असतील तर चार दिवस विश्वास ठेवा, जुळत नसतील तर वाईट ते धरा. ग्रिबमधला वारा सरासरीचा असतो. झोत त्याहून २५ ते ४० टक्के जास्त. माणसाने लिहिलेला सागरी इशाराही वाचा: या समुद्राच्या दक्षिण भागासाठी तो मॉरिशसहून निघतो, चक्रीवादळांसाठी रीयुनियनचे केंद्र जबाबदार आहे आणि आफ्रिकेजवळ दक्षिण आफ्रिकेचे. बॅरोमीटर दर तीन तासांनी वहीत लिहा. उपग्रह फोन बंद पडला तरी ती वही सांगत राहते.

१६. रात्री जहाजाशी टक्कर होण्याची भीती वाटते.

हिशोब असा: तुमच्या समोरून २० नॉटने येणारे जहाज आणि तुमचे ६ नॉट मिळून २६. स्वच्छ रात्री दिवे ८ मैलांवरून दिसले तर हातात १८ मिनिटे. म्हणून १५ मिनिटांनी एकदा पूर्ण क्षितिजाची फेरी, डोळ्यांनी. पावसात हे अंतर दोन मैलांवर येते. तेव्हा बाहेरच बसा. एआयएसचा (जहाजे आपली जागा रेडिओवर कळवतात त्या यंत्रणेचा) इशारा २ मैल आणि ३० मिनिटांवर लावा, आवाज झोपलेल्या माणसालाही ऐकू जाईल एवढा. मासेमारी बोटी एआयएस बंद ठेवतात, म्हणून नुसत्या यंत्रावर विसंबू नका.

१७. एक जण पाण्यात पडला तर दुसरा काय करणार?

७ नॉटने जाणारी बोट पाच मिनिटांत एक किलोमीटरहून पुढे जाते आणि तीन मीटर लाटांत डोके शंभर-दीडशे मीटरनंतर दिसत नाही. त्यात दुसरे माणूस झोपलेले. त्यामुळे खरा उपाय न पडण्याचाच. केबिनच्या दारातून पाय बाहेर टाकण्याआधी हुक अडकवायचा, आत आल्यावरच काढायचा. डेकवरची, हुक अडकवायची दोरी गोल नको, चपटा पट्टा हवा, २ टनांहून जास्त ताकदीचा, आणि तो मधोमध बांधा. अंगावरच्या जॅकेटपासून हुकापर्यंतचा पट्टा १ मीटरचा वापरा. २ मीटरचा माणसाला कठड्याबाहेर पाण्यात लोंबकळू देतो. हुक क्लीटखाली अडकून आडवा ओढला गेला तर वाकून उघडू शकतो. नोव्हेंबर २०१७ मध्ये केपटाउनहून फ्रीमँटलला निघालेल्या शर्यतीच्या बोटीवर याच प्रकारे एकाचा जीव गेला.

लाइफजॅकेटमध्ये व्यक्तिगत एआयएस बीकन हवाच. जॅकेट फुगताच तो बोटीवर घंटा वाजवतो. वर असलेल्याने: प्लॉटरवर (नकाशाच्या पडद्यावर) जागा नोंदवा, प्रिव्हेंटर सोडा, बोट वाऱ्याकडे वळवून थांबवा, पाण्यात दोर नाहीत हे पाहून इंजिन सुरू करा, ईपर्ब चालू करा. उचलायला जोडीदाराच्या अंगबळावर जाऊ नका. ओल्या कपड्यांतले ७५ किलोचे माणूस हॅलयार्ड (शीड चढवायचा दोर) जॅकेटच्या कडीत अडकवून विंचनेच (दोर ओढायच्या चाकानेच) वर येते. आधी बंदरात एकदा खरोखर उचलून पाहा. दोघांत जो हलका त्याने जड असलेल्याला.

१८. बोटीत पाणी शिरते आहे हे कळले. आधी काय?

चव घ्या. गोड असेल तर टाकी फुटली आहे. खारट असेल तर पंप सुरू करून उगम शोधा: समुद्राच्या पाण्याच्या झडपांचे नळ, प्रॉपेलरच्या आणि सुकाणूच्या दांड्याभोवतीचे पाणी अडवणारे सांधे, नांगराच्या साखळीची खोली. पाण्याखाली ६० सेंटीमीटरवर ५ सेंटीमीटरचे भोक मिनिटाला सुमारे २४० लिटर पाणी आत घेते. विजेचा पंप डब्यावर लिहिलेल्या क्षमतेच्या निम्मेच काम करतो, म्हणजे पंपाने भोकाला हरवता येत नाही. भोक बुजवावेच लागते. प्रत्येक झडपेला तिच्या मापाचा लाकडी गुडदा दोरीने बांधून ठेवा.

१९. सुकाणू किंवा डोलकाठी गेली तर?

सुकाणूसाठी आणीबाणीचा टिलर निघण्याआधी बसवून, एक तास चालवून पाहा; पुष्कळ बोटींवर तो मागच्या बंकेवर आपटतो आणि फिरतच नाही. पातेच गेले तर मागे छोटा ड्रोग टाकून त्याचे दोन दोर दोन विंचांवर घ्या आणि आळीपाळीने ओढून दिशा धरा. वाऱ्यावरच्या यंत्राला स्वतःचे पाते असेल, जसे हायड्रोव्हेनला असते, तर तेच सुकाणू होते.

डोलकाठी पडली तर ती बोटीला ठोकत राहून भोक पाडते. तारा कापण्यापेक्षा पिना ठोकून काढणे सोपे, म्हणून हातोडा आणि पंच कॉकपिटमध्ये. बूम वाचवा, पर्यायी काठी तिचीच होते. इंजिन लावण्याआधी पाण्यात लोंबणारा प्रत्येक दोर ओढून घ्या. डोलकाठी गेल्यावर बोट पूर्वीपेक्षा जास्त झटक्याने डोलते, तेव्हा दोघेही हुक लावून आणि बसूनच काम करा.

२०. इंजिन सगळीकडे नीट चालले आणि नेमके बंदराच्या तोंडाशी बंद पडले. का?

दोन आठवडे बोट हलल्याने टाकीच्या तळाचा गाळ आणि जंतूंचा थर ढवळून डिझेलमध्ये मिसळतो आणि फिल्टर तुंबतो. निघण्याआधी टाकी साफ करा, किमान सहा फिल्टर जवळ ठेवा, आणि बंदराच्या २० मैल आधी इंजिन एक तास जोरात चालवा. बंद पडायचे तर ते तिथे पडू दे.

२१. लाइफराफ्टमध्ये (फुगणाऱ्या बचाव-तराफ्यात) कधी जायचे?

बोट पायाखालून जात असेल तेव्हाच. १९७९ च्या फास्टनेट शर्यतीच्या वादळात माणसांनी सोडून दिलेल्या २४ बोटींपैकी १९ नंतर तरंगत सापडल्या. १५ खलाशी मात्र गेले. त्यांतले काही राफ्टमध्ये गेल्यावर दगावले. पाण्याने अर्धी भरलेली बोटही राफ्टपेक्षा मोठी, दिसायला सोपी आणि सामानाने भरलेली असते.

२२. मदत मागितली तर येईल कोण, आणि किती वेळात?

७५ अंश पूर्व रेखांशापर्यंत ऑस्ट्रेलियाचे बचाव केंद्र, त्याच्या पश्चिमेला मॉरिशस आणि रीयुनियन, पुढे दक्षिण आफ्रिका. ईपर्ब बोटीच्या आणि दोघांच्या माहितीसह नोंदलेला असला तर पहिला अर्धा तास वाचतो. पण या समुद्रात मदत म्हणजे बहुधा जवळून जाणारे मालवाहू जहाज, आणि ते दोन-तीन दिवसांवर असू शकते. एकट्याने जगप्रदक्षिणा करणारे भारतीय नौदलाचे अभिलाष टॉमी यांच्या बोटीची डोलकाठी २१ सप्टेंबर २०१८ रोजी पर्थपासून सुमारे १,९०० मैलांवर मोडली, पाठीला गंभीर दुखापत झाली, आणि फ्रान्सचे ओझिरिस हे मासेमारी गस्तीचे जहाज २४ तारखेला पोचले. तेही गोल्डन ग्लोब या जगाचे लक्ष असलेल्या शर्यतीत. तीन दिवस स्वतःला सांभाळता येईल एवढी औषधे, वेदनाशामके आणि पाणी बंकेच्या हाताशी ठेवा.

२३. एक जण आजारी पडला तर सफर एकट्याने पुरी करायची?

हो, बहुधा. पहिल्या दिवसापासून मुख्य शीड उतरवा, फक्त पुढच्या शिडावर चला, वेग ४-५ नॉट चालेल. झोप २०-२० मिनिटांची, एआयएस आणि रडारचा इशारा लावून. रोममधले सीआयआरएम समुद्रावरच्या बोटींना वैद्यकीय सल्ला विनामूल्य देते. बचाव केंद्रामार्फतही डॉक्टरांशी बोलता येते. दातांची तपासणी निघण्याआधी करून घ्या, हे लोक नेहमी विसरतात.

२४. वारा उतरला पण लाटा तशाच आहेत. शिडे वाढवू का?

दिवस असेल तर लगेच वाढवा. कमी शिडावर बोटीला वेग राहत नाही, वेग नाही म्हणून सुकाणू लागत नाही, आणि शिल्लक लाटांत ती जास्त डोलते. शिडे फटाफट आपटून या अवस्थेत जितकी फाटतात तितकी वादळातही फाटत नाहीत. रात्र असेल आणि जोडीदार झोपला असेल तर प्रश्न ८ चा नियम पाळा आणि पहाटेपर्यंत डोलणे सोसा. त्या पहाटे हॅलयार्ड १० सेंटीमीटर सरकवा, म्हणजे कप्पीवर घासणारी जागा बदलते.

२५. आमचा पासपोर्ट भारतीय आहे. व्हिसाचे काय?

कोकोस ऑस्ट्रेलियाचे आहे, त्यामुळे ऑस्ट्रेलियाचा व्हिसा आधीच हवा. दक्षिण आफ्रिकेचाही आधी. रीयुनियन फ्रान्सचे असले तरी शेंगेन क्षेत्रात नाही. केवळ शेंगेन व्हिसा आहे म्हणून तिथे उतरता येईलच असे धरू नका, फ्रेंच वकिलातीला लेखी विचारा. मॉरिशसची प्रवेश-नोंद रॉड्रिग्जलाच पोर्ट मॅथ्युरिनमध्ये होते.

मुंबई-गोव्याहून थेट निघणाऱ्यांनी जून ते सप्टेंबर पूर्णपणे टाळावेत. अरबी समुद्रात चक्रीवादळांचे मोसम दोन, मॉन्सूनच्या आधी आणि नंतर, हेही बेतात धरा.

२६. मादागास्कर ते आफ्रिका हा टप्पा सर्वांत वाईट का म्हणतात?

मादागास्करच्या दक्षिण टोकापाशी उथळ समुद्रतळ आणि उलटसुलट प्रवाह आहेत. १०० ते १५० मैल दक्षिणेने जा. पुढे दर तीन-पाच दिवसांनी नैर्ऋत्येचा जोरदार वारा येतो. आधी ईशान्येचा वारा वाढतो आणि बॅरोमीटर उतरतो. उतरणे थांबून काटा वर वळला की काही वेळात वारा एकदम फिरतो. तो मोकळ्या समुद्रात आला तर हीव्ह-टू करून १२-२४ तास काढता येतात. अगुल्हास प्रवाहात आला तर नाही. हा प्रवाह नैर्ऋत्येकडे ४-५ नॉटपर्यंत वाहतो, आणि उलट वाऱ्याने त्यात २० मीटरपर्यंतच्या उभ्या लाटा उठल्याच्या नोंदी आहेत. सर्वांत वाईट पट्टा २०० मीटर खोलीच्या रेषेच्या लगेच बाहेर असतो.

म्हणून प्रवाहाच्या पूर्वेला, किनाऱ्यापासून १०० मैलांवर पोचल्यावर थांबून अंदाज पाहा. नैर्ऋत्येचा वारा ३६ तासांत येणार असेल तर बाहेरच थांबा, बंदर कितीही जवळ वाटले तरी. येणार नसेल तर रिचर्ड्स बेच्या २०-३० मैल उत्तरेकडचा बिंदू धरून प्रवाह आडवा कापा. तो तुम्हाला आपोआप दक्षिणेकडे नेतो. थेट बंदरावर नेम धरला तर बंदराच्या खाली वाहून जाल आणि प्रवाहाविरुद्ध परत येता येणार नाही. मग पुढचे बंदर डर्बन, ८५-९० मैल. प्रवाहात असतानाच वारा फिरलाच, तर किनाऱ्याकडे, २०० मीटरच्या आत शिरा. तिथे प्रवाह मंद असतो आणि लाटा बसतात. डर्बनहून पुढे ईस्ट लंडनपर्यंतच्या सुमारे २५० मैलांत आसरा नाही, तिथे हाच नियम आणखी काटेकोर पाळा: नैर्ऋत्येचा वारा ओसरताना निघायचे, आणि पुढचा येण्याआधी आत असायचे.